शिवराईचे पाठभेद

तांब्याची शिवराई मराठी वाचकाने निदान चित्रात तरी पाहिलेली असते. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति' आणि भोवती ठिपक्यांचे कडे. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई प्रचारात आली. शेजारच्या सत्तांची नाणी फार्सी अक्षरांत पडत असताना हे नाणे नागरीत पडले, याचे मोल आपल्या इतिहासकारांनी वारंवार सांगितले आहे. मात्र शिवाजी महाराज 3 एप्रिल 1680 रोजी निवर्तले. म्हणजे छत्रपती म्हणून त्यांच्या हयातीत नाणी पडण्याचा काळ जेमतेम सहा वर्षांचा. शिवराई मात्र पुढे शंभर-सव्वाशे वर्षे पडतच राहिली. छत्रपती बदलले, पेशवे आले, टांकसाळी मक्त्याने दिल्या गेल्या, आणि नाण्यावरचे नाव 'शिव' हेच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही बाजारात ती चालत होती.

अशा नाण्याची सूची करायची कशी? त्यावर सन नाही, टांकसाळीचे नाव नाही, राजाचे नाव पाहावे तर ते सर्वांवर एकच. क्राउझे आणि मिशलर यांची जगभरच्या नाण्यांची सूची 1972 पासून संग्राहकांच्या हाती आली. तिच्यातील क्रमांक ही पुढे नाणेबाजाराची परिभाषाच झाली. महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांवरील ग्रंथ 1989 साली अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला आणि या विषयाला पहिल्यांदा भक्कम पाया मिळाला. तरीही तांब्याच्या शिवराईपाशी आले की कोणतीही सूची अपुरी पडते. यात सूचीकारांना दोष देण्यात अर्थ नाही. सूचीकार जेवढे पाहतो तेवढेच नोंदवतो आणि तांब्याकडे पाहणारे फार थोडे होते. रुपया जपला जातो, शिवराई मोडीच्या तांब्यात जाते.

मग 'अनलिस्टेड' हा शब्द येतो. सूचीत नसलेले नाणे हाती लागले की विक्रेता तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहितो आणि किंमत चढते. वास्तविक त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की अमुक ग्रंथाच्या कर्त्यांसमोर असे नाणे आले नव्हते. ते दुर्मीळ आहे की नाही, जुने आहे की नाही, फार काय, खरे आहे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात नाही. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. छापील प्रतीत नसलेली ओवी एखाद्या पोथीत सापडली की ती कवीचीच, असा निष्कर्ष काढण्याची घाई आपल्याकडेही झालेली आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हापासून हा प्रश्न मराठीत जिवंत आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 ते 1966 असे चालवले, तेही याच प्रश्नापायी.

शिवराईच्या बाबतीत पाठभेद हा शब्द रूपक म्हणून वापरण्याची गरज नाही, कारण तिथे खरोखरीच पाठ भिन्न आहेत. 'शिव' असे असते तसेच 'शीव', 'सिव', 'सीव' असेही असते. 'छत्रपति' असते, 'छत्रपती' असते. याखेरीज अक्षरांचे वळण, ठिपक्यांच्या कड्याची बांधणी, अक्षरांलगतची बारीक चिन्हे हे सारे बदलत जाते. उत्तरकाळातील मानल्या जाणाऱ्या दुदांडी शिवराईवर 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा येतात.

या भेदांवरून काळ ठरवण्याची एक सोपी रीत संग्राहकांत रूढ झाली आहे. शुद्ध 'शिव' ते महाराजांचे, अशुद्ध 'सीव' ते नंतरचे. राजव्यवहारकोश करवून घेणाऱ्या, संस्कृत मुद्रा वापरणाऱ्या राजाच्या नाण्यावर अशुद्ध अक्षर कसे असेल, हा त्यामागचा विचार. मला तो मान्य नाही. शुद्धलेखनाची आपली कल्पना छापखान्यानंतरची आहे. सतराव्या शतकातला कारकून दिवसभर मोडी लिहीत असे आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. ठसा कोरणारा कारागीर तर अक्षर वाचण्यापेक्षा त्याची आकृती उतरवणारा, आणि तीही उलटी, आरशातल्यासारखी. त्याच्या हातून एकाच आठवड्यात 'शिव' आणि 'शीव' दोन्ही उतरले तर नवल नाही. वेलांटीवरून कालनिर्णय करणे म्हणजे आजच्या शाळेचे नियम रायगडावर नेणे होय.

मग करायचे काय? पहिले काम म्हणजे भेद आणि अपघात वेगळे करणे. नाणे हाताने पाडले जाई. तळाशी एक ठसा, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर घणाचा घाव. घावाखाली चकती सरकली तर अक्षर दुहेरी उमटते आणि नसलेली काना-वेलांटी दिसू लागते. ठशाच्या खाचेत मळ साचला तर असलेली मात्रा नाहीशी होते. ठसा तडकला तर तडीची रेघ नाण्यावर उठून दिसते, आणि हौशी डोळ्याला ती दुदांडीची रेघ वाटू शकते. त्यातून चकती बहुधा ठशापेक्षा लहान असे. त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण लेख क्वचितच येतो. एकावर 'श्री' अर्धी आणि 'शिव' पूर्ण, दुसऱ्यावर उलट. एकाच ठशाची चार-पाच नाणी शेजारी मांडावीत, त्यांतले तुकडे जुळवावेत, तेव्हा ठसा डोळ्यांपुढे उभा राहतो. एकाच नाण्यावर दिसणारे वैशिष्ट्य हा अपघात असू शकतो. एकाच ठशाच्या अनेक नाण्यांवर ते असेल तर ते त्या ठशाचे, आणि स्वतंत्रपणे कोरलेल्या दोन ठशांवर ते आढळले तरच त्याला प्रकार म्हणावे. एवढा संयम लिलावाच्या पुस्तिकेत सहसा आढळत नाही!

यापुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. घणाचा घाव थेट वरच्या ठशावर बसत असल्याने तो लवकर निकामी होतो, खालचा टिकतो. त्यामुळे खालच्या एकाच ठशाबरोबर वरचे दोन-तीन ठसे वापरलेले सापडतात. समजा, अशा दोन नाण्यांवर छत्रपतीच्या बाजूचा ठसा एकच आहे, आणि दुसऱ्या बाजूस एकावर 'शिव', एकावर 'सीव'. तर ती दोन्ही नाणी एका टांकसाळीची आणि जवळपास एका काळाची ठरतात, आणि वेलांटीचा सिद्धांत तिथल्या तिथे कोसळतो. सामाईक ठशाची तड एका नाण्यावर बारीक आणि दुसऱ्यावर रुंद असेल, तर कोणते आधी पडले हेही सांगता येते. अशा साखळ्या जोडत गेले तर सन नसलेल्या नाण्यांचा क्रम लागू शकतो.

यंत्राने पाडलेल्या नाण्यांतही असे घडलेले आहे. व्हिक्टोरिया राणीच्या 1862 सनाच्या रुपयावर तो सन 1874 पर्यंत तसाच गोठवलेला राहिला. त्यांतली नाणी वेगळी काढायची तर राणीच्या चित्रातले फरक आणि मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजावे लागतात. मेजर प्रिडमोर यांनी ब्रिटिश भारताच्या नाण्यांचे जे वर्गीकरण केले त्यात अशा ठिपक्यांना स्थान मिळाले. शिवराईच्या ठिपक्यांच्या वाट्याला असा प्रिडमोर यायचा आहे.

क्रमाला काळाशी बांधायचे तर मात्र आधार नाण्याबाहेरचा लागतो. एखाद्या मडक्यात शिवराईबरोबर औरंगजेबाचा सन असलेला रुपया निघाला, तर कालनिर्णयाला खुंटी मिळाली. 1878 च्या निधिकायद्याप्रमाणे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात रुपये सराफाकडे जातात आणि तांबे वेगळे होऊन किलोच्या भावाने विकले जाते. विक्रेता ते आम्लात धुतो, चकचकीत करतो, निरनिराळ्या गावांचे ढीग एकत्र करतो. त्या ढिगातून संग्राहक एक 'अनलिस्टेड' नाणे उचलतो, त्याचे वजन आणि छायाचित्र काळजीपूर्वक नोंदवतो. मडके कोणत्या गावचे होते आणि त्यात आणखी काय होते, या दोन रकान्यांत त्याला लिहिण्यासारखे काही उरलेले नसते.