ध्वनियोजनेच्या आराखड्याची कुळकथा

बालाघाटाच्या पठारावर आणि गोदातीराच्या सपाटीवर पसरलेल्या बीड जिल्ह्यात चैत्र लागला की सप्ताहांचा हंगाम भरास येतो. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे तोवर आपापल्या गावी परतू लागलेली असतात, भगवानगडाच्या परंपरेतील नारळी सप्ताह कोणत्या गावी बसणार याची तजवीज कैक महिने आधी झालेली असते, आणि हजारोंच्या समुदायासाठी उभारलेल्या विस्तीर्ण मंडपात, व्यासपीठाच्या एका कडेस, आवाजाची व्यवस्था पाहणारा इसम संगणकाच्या पडद्यावर चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा मांडीत बसलेला अलीकडे दृष्टीस पडू लागला आहे. त्या चौकटींपैकी एक आवाजाची विभागणी करते, दुसरी त्याला सेकंदाच्या काही हिश्श्यापुरते थोपवून धरते, तिसरी त्याच्या मर्यादेचा बंदोबस्त पाहते. आणि हा आराखडा तारेवाटे एका लहानशा लोखंडी पेटीत उतरविला की पुढील सात दिवस ती पेटी त्याबरहुकूम वागते. साऊंडवाल्यांच्या बोलीत त्या पेटीस ‘प्रोसेसर’ किंवा ‘डीएसपी’ म्हणतात. ज्या सॉफ्टवेअरच्या योगे तिला हुकूम दिले जातात त्याचे कूळ बरेच जुने व मोठे असून, त्या कुळाच्या प्रत्येक पिढीत शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसास शब्द कळावा ही एकच तळमळ मला दिसत आली आहे.

या कुळाचा मूळ पुरुष टेलिफोन होय. तांब्याच्या तारेतून दूरवर जाणारा मानवी आवाज वाटेत क्षीण होई, आणि तोही सर्व अंगांनी सारखा होत नसे. उच्च स्वर आधी विरत व नीच स्वर मागे उरत, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानी नुसती गुणगुण पडे. अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर या दोघांनी १९१५ च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विद्युत्‌गाळणीची कल्पना सिद्ध केली. अमुक कंपनसंख्येपर्यंतचा प्रवाह जाऊ द्यावयाचा आणि त्यापुढचा अडवावयाचा, असे हे तंत्र होते. तारेने केलेला भेदभाव उलट दिशेने भरून काढून सर्व स्वरांना पुन्हा समान करणारे मंडल पुढे आले, त्यालाच ‘इक्वलायझर’ हे नाव पडले. आजच्या पडद्यावर बोटाने वरखाली ओढली जाणारी वक्ररेषा याच मंडलाची वंशज आहे.

ध्वनिक्षेपकाचा जन्मही त्याच काळातला. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्को नगरीत प्रचंड जमावास आपल्या यंत्राद्वारे आवाज ऐकविला, आणि १९२५ साली राइस व केलॉग यांनी कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकाची जी रचना प्रसिद्ध केली ती मूलतः आजतागायत कायम आहे. आपल्या देशी मोटवाने घराण्याच्या शिकागो रेडिओ या पेढीने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविले. त्या काळच्या छायाचित्रांत महात्माजींच्या पुढ्यातील मायक्रोफोनवर या पेढीची पाटी दिसते. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि अंबाजोगाईचे नाव सरकारी दप्तरात मोमिनाबाद असे लिहिले जाई. १९२९ साली निघालेल्या ‘गश्ती क्रमांक ५३’ अन्वये त्या मुलखात जाहीर सभा भरविण्यासच पूर्वपरवानगीची अट होती. जेथे माणसे जमविण्यासाठीच दरबारचा दाखला लागत असे, तेथे जमलेल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचविण्याचा प्रश्न उशिरा उद्भवला, यात नवल नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाल्यावर ती अट गेली. मग आहुजा या पेढीचा भोंगा खेडोपाडी पोहोचला आणि देवळाच्या शिखरालगत, लग्नाच्या मांडवात, निवडणुकीच्या जीपगाडीवर चढला.

भोंग्याने आवाज दूर नेला खरा, परंतु त्यासोबत एक अन्यायही आणला, आणि त्याचा विचार सावकाश केला पाहिजे. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघालेला ध्वनी अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो. मंडपाच्या तोंडाशी भोंगे मांडले असता चार मीटरवर बसलेल्या वृद्धेच्या कानी १०० डेसिबल आदळत असतील, तर चौसष्ट मीटरवर बसलेल्या श्रोत्याच्या वाट्याला ७६ येतात. म्हणजे मागल्यास ऐकू यावे म्हणून पुढल्याचे कान सोलावयाचे, किंवा पुढल्यावर दया करावी तर मागल्यास कीर्तनास मुकवावयाचे. यावर साधा तोडगा असा की मंडपात मधूनमधून आणखी ध्वनिक्षेपक लावावेत व सर्वच हळू वाजवावेत. परंतु विजेचा संदेश तारेतून क्षणार्धात मागे पोहोचतो आणि व्यासपीठाकडील ध्वनी मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर या गतीने चालत येतो. त्यामुळे मागच्या श्रोत्यास तोच शब्द दोनदा ऐकू येतो आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून अर्थ बुडतो.

मागील ध्वनिक्षेपकांना मुद्दाम उशीर करावयास लावणे, हे याचे उत्तर होते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली ग्योटिंगेन येथे सादर केलेल्या प्रबंधात दाखविले की एकच ध्वनी दोन दिशांनी अल्पांतराने आला तर मनुष्य आधी आलेल्या दिशेलाच उगम मानतो, आणि नंतरचा ध्वनी काहीसा मोठा असला तरी त्याची ही समजूत मोडत नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५० नंतरच्या पहिल्याच वर्षांत या तत्त्वावर ध्वनिव्यवस्था झाली. फिरत्या चुंबकीय चाकावर आवाज नोंदवून, चाक थोडे फिरल्यावर तो पुन्हा उचलावयाचा आणि मागील ध्वनिक्षेपकांना द्यावयाचा, अशी ती हिकमत होती. १९७१ साली अमेरिकेतील लेक्सिकॉन या पेढीने हेच काम अंकांनी करणारे यंत्र बाजारात आणले. त्याची हकिगत मोठी हृद्य आहे. मॅसॅच्युसेट्स येथील प्राध्यापक फ्रान्सिस ली यांनी हृदयाच्या ठोक्यांवर देखरेख ठेवण्यासाठी अंकीय विलंबाचे मंडल तयार केले होते, त्यातून संगीत पाठवून पाहण्याची सूचना बॅरी ब्लेसर यांनी केली, आणि रुग्णाच्या उशाशी जन्मलेले हे तंत्र सभामंडपात आले.

येथून पुढे कुळाचा विस्तार झपाट्याने होतो. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ साली पॅरामेट्रिक इक्वलायझरवरील निबंध वाचला. कोणत्या स्वरास, किती आणि किती रुंदीने हात लावावयाचा या तिन्ही गोष्टी त्यामुळे स्वतंत्रपणे ठरविता येऊ लागल्या. १९७६ साली सिगफ्रिड लिंकविट्झ यांनी रस रायली यांच्या साहाय्याने सिद्ध झालेली विभाजनाची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात बेस व टॉप या दोन्ही पेट्या विभाजनाच्या बिंदूपाशी सहा-सहा डेसिबल खाली असतात व दोघींची बेरीज सपाट येते. बीड शहराजवळील खजाना बावडीचे पाणी जसे भूमिगत वाटांनी ज्या त्या रानाकडे वळविले जाई, तसा या विभाजनाने खर्जाचा प्रवाह मोठ्या पेटीकडे व तारस्वराचा लहान पेटीकडे जातो.

विलंबाचे अंकीय यंत्र वगळता ही मंडले तोवर तारा, वेटोळी व धारित्रे अशा सुट्या भागांची होती. १९८३ च्या सुमारास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस-३२०१० ही गणिती चकती (चिप) उपलब्ध झाली. ती सेकंदाला पन्नास लाख सूचना पार पाडी आणि गुणाकारास तिला एकच पाऊल लागे. येथे या विद्येचे मर्म आहे. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घ्यावयाचे. आताचा नमुना, त्यापूर्वीचे दोन आणि बाहेर गेलेले मागील दोन, अशा पाच संख्यांना पाच गुणकांनी गुणून बेरीज करावयाची, की इक्वलायझरचा एक पट्टा तयार होतो. आठ वाटा व प्रत्येकीवर दहा पट्टे धरले तर सेकंदाला १ कोटी ९२ लाख गुणाकार होतात. यंत्रास यात श्रम नाहीत, परंतु ते पाच गुणक कोणते हे मनुष्याने कसे सांगावे? साऊंडवाला म्हणणार, “अडीच हजारावर आवाज टोचतो, थोडा उतरवा”. आणि चकतीला तर पाच दशांश अपूर्णांक हवेत. या दोन भाषांमधला दुभाष्या म्हणून सॉफ्टवेअर जन्मास आले.

१९९३ साली पीव्ही या अमेरिकन पेढीने मीडियामॅट्रिक्स नावाची व्यवस्था आणली. तीत विंडोज संगणकाच्या पडद्यावर चौकटी मांडावयाच्या, रेषांनी जोडावयाच्या आणि मग तो नकाशा यंत्राच्या चकत्यांवर चढवावयाचा असे. पूर्वी लाकडी घोड्यावर एकाखाली एक रचलेल्या दहा-बारा पेट्या व त्यांमधील तारांचे जंजाळ जे काम करी, ते एका आराखड्यात मावले. पुढे अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या चकत्या बनविणाऱ्या पेढीने सिग्मास्टुडिओ हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध करून दिले, त्यामुळे स्वल्प मोलाच्या मंडलांनाही हा नकाशा देता येऊ लागला. माझ्या मते या सबंध कुळकथेतील सर्वांत लोकोपकारी घटना हीच, कारण तिने ही विद्या मोठ्या नाट्यगृहांच्या अभियंत्यांकडून तालुक्याच्या गावातील होतकरू मुलाच्या हाती दिली.

याच प्रवाहातील आणखी एका माणसाचे स्मरण येथे करणे मला अगत्याचे वाटते. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, आणि १९६५ मध्ये त्यांनी लंडन येथे आपली प्रयोगशाळा स्थापिली. ध्वनिफितीवरील नको असलेला खरखराट कमी करणे हा तिचा पहिला उद्योग होता. आज मराठवाड्यात कानठळ्या बसविणाऱ्या वरातीच्या संचास त्यांचे नाव लावतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्या कोणास ध्वनियोजनेच्या आराखड्याची ही विद्या शिकावयाची असेल त्याने आरंभी यंत्र विकत घेऊ नये. आराखडा मांडण्याचे बहुतेक सॉफ्टवेअर पेटी न जोडताही उघडता येते. घरी बसून प्रथम कीर्तनाचा साधा नकाशा मांडावा. डावीकडे माईक येतात: बुवांचा, वीणेकऱ्याचा, पखवाजाचा आणि टाळकऱ्यांचा. बुवांच्या माईकवर १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकावा, कारण तेथे शब्द नसतो, पायाची थाप व वाऱ्याची घरघर असते. व्यंजनांची धार २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास असते, तिला जपावे. टाळांचा झणत्कार नेमका त्याच्या वरच्या अंगाला पडतो, म्हणून तो बुवांच्या माईकमध्ये शिरणार नाही अशा बेताने टाळकरी उभे करावेत. हे काम कोणतेही सॉफ्टवेअर करीत नाही. माईक शिट्टी मारू लागला तर सबंध आवाज न दाबता शिट्टीच्या स्वराएवढाच अरुंद खड्डा पाडावा. विभाजनाचा बिंदू पेटीच्या कारखानदाराने दिला असेल तोच ठेवावा; तो अंदाजाने खाली ओढला की टॉपचा डायफ्रॅम जळतो. आराखडा पेटीत उतरविताना अ‍ॅम्प्लिफायर बंद असावेत, आणि प्रत्येक मसुदा गावाच्या व तारखेच्या नावाने जतन करून ठेवावा.

विलंबाचा हिशोब मात्र प्रत्येक मंडपात नव्याने केला पाहिजे. साठ मीटरवरील ध्वनिक्षेपकास २० अंश उष्णतेत १७५ मिलिसेकंद उशीर लागतो. चैत्रातील चाळीस अंशांच्या दुपारी ध्वनीची गती ३५५ मीटरपर्यंत चढते व तोच आकडा १६९ वर येतो. त्यात हासच्या सिद्धांतानुसार आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद मिळवावेत, म्हणजे मागचा श्रोता शेजारच्या पेटीतून ऐकत असूनही त्यास आवाज बुवांच्याच मुखातून आल्यासारखा वाटेल.

आवाजास ठरल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा लिमिटर सर्वांच्या शेवटी येतो आणि योग्यतेने सर्वांत वरचा आहे. पेटीच्या संरक्षणासाठी तो लावतातच, परंतु माणसाच्या संरक्षणासाठीही तो लावला पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली असून रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई केली आहे. राज्य शासन वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, इतकेच. एकाच बाजूस ठासून भरलेल्या पेट्यांनी ही मर्यादा पाळली जाणे दुरापास्त आहे. विखुरलेल्या, हळू वाजणाऱ्या व विलंबाने बांधलेल्या ध्वनिक्षेपकांचा गोंगाट मंडपाबाहेर फारच थोडा जातो.

मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या जिल्ह्यात शब्द ऐकण्यासाठी माणसे आजही कोसावरून चालत येतात. म्हणून गावोगावच्या सप्ताह-समित्यांना माझी विनंती आहे की पुढल्या वर्षाचा करार करताना साऊंडवाल्यास किती पेट्या आणणार हे विचारू नये. मंडपाच्या मध्यावर व अखेरीस पेट्या लावणार काय, त्यांना विलंब देणार काय, आणि लिमिटर कितीवर बांधणार, हे विचारावे, आणि त्याची उत्तरे करारात लिहून घ्यावीत.