व्यक्तिछायाचित्रण, उघड्यावरील (बुलढाणा जिल्हा)

स्टुडिओबाहेर, नैसर्गिक उजेडात माणसाचे छायाचित्र काढण्याची कला. चांगल्या फोटोला ऊन लागते हा समज जुना आणि घट्ट आहे. बुलढाणा जिल्ह्यात मात्र चेहरा खरा उमटतो तो सावलीत, आणि याचे कारण आवडीनिवडीत नसून अक्षांशात आहे. जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २० ते २१ अक्षांशांच्या आसपास वसलेला आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा सव्वाबारा ते साडेबारा झालेले असतात. असा उजेड कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा करतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो आणि नाकाची सावली वरच्या ओठावर टाकतो. डोक्यावर पदर किंवा फेटा असला तर अर्धा चेहराच बुडतो. हिवाळ्यात सूर्य उतरतो. १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या राजवाड्यासमोर गर्दी असते, तेव्हा भर दुपारीही सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवरच असतो. सावल्या तिरप्या पडतात खऱ्या, पण उन्हाकडे तोंड केलेल्या माणसाचे डोळे बारीक होतातच. डोळे मिचकावणाऱ्याला ‘हसा’ म्हणून काही साधत नाही; चेहऱ्याची ठेवण उजेड ठरवतो, सूचना नंतर येते.

यावर नेहमीचे उत्तर म्हणजे सकाळ-संध्याकाळचे सोनेरी ऊन. ते सुंदर असते यात वाद नाही. पण हा सल्ला बहुतेक उत्तरेकडच्या देशांतून आला, आणि तिथे सूर्य तिरपा, रेंगाळत मावळतो. मार्च किंवा सप्टेंबरात, दिवस-रात्र समान असताना, क्षितिजावरचे शेवटचे ६ अंश उतरायला सूर्याला लंडनमध्ये चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात, बुलढाण्यात पंचवीस. एका कुटुंबाला ओळीत उभे करता करता ती वेळ सरते. शिवाय शेतकऱ्याचे, मजुराचे, बाजारातल्या विक्रेत्याचे चित्र त्याच्या कामाच्या वेळीच काढावे लागते, आणि ते काम बहुधा दिवसाउजेडी चालते.

सावलीत चेहरा सपाट आणि फिका येतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दाट झाडाखाली, चहूबाजूंनी सारखा उजेड असेल तर तो खराही ठरतो. पानांतून झिरपलेला हिरवट रंग गालावर चढतो तो वेगळाच. म्हणून सावलीच्या मधोमध नव्हे, तिच्या काठाशी उभे राहावे. ओसरी ही त्यासाठी उत्तम जागा. वर छप्पर असल्याने डोक्यावरचा उजेड अडतो, समोरचे उघडे आकाश चेहरा उजळते आणि उन्हातल्या अंगणावरून परतणारा उजेड खालून हनुवटीखाली, भुवयांखाली शिरतो. माणसाला उंबऱ्यापासून हातभर आत बसवून खांदे किंचित तिरके ठेवले की एक गाल उजळ आणि दुसरा सौम्य होतो, आणि बुबुळात आकाशाचा ठिपका दिसू लागतो. तो ठिपका नसेल तर नजर निर्जीव वाटते. अंगण चुन्याच्या भिंतीचे असेल तर हा परतीचा उजेड भरपूर मिळतो. काळ्या जमिनीच्या रानात तो जवळजवळ नसतो, तिथे पांढरे धोतर किंवा थर्माकोलचा तुकडा समोर धरावा लागतो. उत्तरेकडची भिंत हिवाळ्यात दिवसभर सावली देते, उन्हाळ्यात तिच्यावर विसंबू नये: सूर्य ईशान्येच्या बाजूने उगवून वायव्येच्या बाजूला मावळतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिच्यावरही ऊन येते.

मोबाइलचा मुख्य कॅमेरा बराच रुंद पाहतो. हातभर अंतरावरून काढलेल्या चेहऱ्याचे नाक फुगते. दोन मीटर मागे सरून दुप्पट झूम वापरावा आणि पडद्यावर बोट चेहऱ्यावरच टेकवावे, नाहीतर पांढऱ्या टोपीकडे पाहून कॅमेरा सावळा चेहरा आणखी काळा करतो.

उरतो लोणारचा प्रश्न, कारण तिथे जाणाऱ्याला सरोवर मागे हवेच असते, आणि सावलीतल्या माणसामागे उन्हातले पाणी जळून पांढरे पडते. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर स्वतःच उपाय देते. पूर्वेच्या कड्यावर सूर्योदयापूर्वी माणसाला पूर्वेकडे तोंड करून उभे करावे. त्या वेळी चेहरा, पाणी आणि झाडी सगळेच सावलीत असते आणि उजळू लागलेले पूर्वेचे आकाश चेहऱ्यावर दिव्यासारखे काम करते. रचनेतली एक अडचण मात्र तिथे हमखास येते. समोरचा कडा साधारण आपल्याच उंचीचा, त्यामुळे त्याची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या पातळीवर दिसते. डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला की ती रेघ माणसाच्या डोक्यातून आरपार जाते. कॅमेरा त्याच्या डोक्याहून वीतभर वर धरला की रेघ डोक्यावर सरकते, आणि उजळ चेहऱ्यामागे विवराचा गडद, झाडीने भरलेला उतार येतो.