खोडरबराखाली गेलेला जॅक कर्बी

या भागाची एक अडचण आधीच सांगून टाकतो. विषय आहे चित्रांचा, आणि पॉडकास्टमध्ये चित्रं दिसत नाहीत. म्हणून या लिखित मजकुरात अंकांचे क्रमांक मुद्दाम नीट दिलेत. मोबाइलवर शोधा आणि बाजूला उघडून ठेवा.

१९९७ साली अमेरिकेत ‘चेझिंग एमी’ नावाचा सिनेमा आला. त्यातलं एक पात्र कॉमिक्सचा इंकर असतो. एक चाहता त्याला सगळ्यांसमोर चिडवतो, की तू काय, नुसतं गिरवतोस! आणि प्रकरण हातघाईवर येतं. सिनेमात तो विनोद आहे, पण कॉमिक्सच्या धंद्यातल्या लोकांना तो चांगलाच झोंबला. मराठीत तर हा शब्द जास्तच लागतो, कारण आपण सगळ्यांनी पहिलीत पाटीवर ‘ग म भ न’ गिरवलेलं असतं.

तर हा ‘गिरवणारा’ माणूस नक्की करायचा काय? आणि तो मुळात लागायचाच कशाला?

कारण साधं होतं: छपाई. त्या काळी कॉमिकच्या पानाचा फोटो काढून त्यावरून छपाईची प्लेट बनायची. त्या कॅमेऱ्याला करडा रंग कळत नसे. एकतर काळं, नाहीतर पांढरं. पेन्सिलची रेघ करडी, पुसट, कमी-जास्त दाबाची. म्हणून पेन्सिलने काढलेल्या चित्रावर कुणीतरी टाकाने किंवा कुंचल्याने काळी शाई चढवायची, शाई वाळली की खालची पेन्सिल खोडरबराने पुसून टाकायची आणि मगच पान छपाईला जायचं. पेन्सिल काढणारा तो पेन्सिलर, शाई चढवणारा तो इंकर. अंक दर महिन्याला वेळेवर निघायला हवा, म्हणून ही दोन कामं दोन माणसांत वाटलेली. मधे संवाद लिहिणारा लेटरर, शेवटी रंग भरणारा. थोडक्यात, असेंब्ली लाइन.

आता ‘पेन्सिल पुसून टाकायची’ या वाक्यावर जरा थांबा. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडमधली एक ओळ बदलली तरी जुनी ओळ इतिहासात राहते, कुणी कधी बदलली हेसुद्धा कळतं. इथे मूळ चित्रच संपायचं. इंकरने जे ठेवलं ते उरलं, जे सोडलं ते गेलं.

याचा सगळ्यात मोठा फटका (आणि फायदाही) ज्याच्या वाट्याला आला तो माणूस म्हणजे जॅक कर्बी. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये १९१७ साली जन्मलेला, ज्यू स्थलांतरितांचा मुलगा, खरं नाव जेकब कर्ट्झबर्ग. १९६१ साली त्याने आणि स्टॅन लीने ‘फँटॅस्टिक फोर’ सुरू केलं आणि मार्व्हलचं जग उभं राहायला लागलं. कर्बीचा वेग अफाट होता, आणि वेग असलेल्या माणसाला स्वतः इंकिंग करत बसायला वेळ नसतो. त्यामुळे साठच्या दशकातला जो कर्बी आपण बघतो, तो जवळजवळ नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातातून आलेला आहे. ‘फँटॅस्टिक फोर’च्या पहिल्या अंकावर तर इंकरचं नावसुद्धा नाही! पुढे जाणकारांनी रेघांच्या धाटणीवरून अंदाज बांधले, आणि आज बहुतेक जण जॉर्ज क्लाइनचं नाव घेतात. एवढा ऐतिहासिक अंक, आणि त्याची शेवटची रेघ कुणाची हे हस्ताक्षरतज्ज्ञासारखं शोधावं लागतं.

पुढे मार्व्हलने इंकरची नावं छापायला सुरुवात केली. तिथून आपली तुलना सुरू होते. तीन माणसं घेऊ.

पहिला व्हिन्स कोलेटा. मूळचा सिसिलीचा, प्रेमकथांच्या कॉमिक्समधून आलेला. बारीक, केसासारख्या रेघा काढायचा. ‘थॉर’वर त्याने कर्बीचं काम वर्षानुवर्षं इंक केलं. अनेकांना ते आवडतं, आणि का आवडतं हे मला कळतं. नॉर्स देवांची दाढी, फर, जुने दगड यांना त्या रेघांमुळे जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांसारखा पोत येतो.

पण कोलेटाची खरी ख्याती होती वेगाची. अंक उशिरा होतोय, प्रेस थांबलाय, अशा वेळी संपादक त्यालाच हाक मारायचे आणि पान वेळेत यायचं. कसं यायचं? कर्बीने मागे वीस माणसांची गर्दी काढली असेल तर काही माणसं पुसली जायची. मागच्या इमारतीच्या खिडक्या कमी व्हायच्या. तपशिलात काढलेली आकृती नुसती काळी सावली व्हायची. छापलेलं पान बघणाऱ्या वाचकाला पत्ताच नाही, कारण जे पुसलंय ते दिसणार कसं?

लोक या माणसाला खलनायक करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. इंकरला पैसे पानामागे मिळायचे, आणि पेन्सिलरपेक्षा कमी. गर्दीचं पान असो की दोन माणसांचं, दर तोच. वीस चेहरे प्रामाणिकपणे इंक करणाऱ्याला पैसे जास्त मिळत नसत, आणि वेळेत देणाऱ्याला पुढचं काम मिळायचं. संपादकांना हे माहीत नव्हतं असं नाही, तरी काम त्याच्याकडेच जात राहिलं. मग खोडरबर नक्की कुणाच्या हातात होतं, सांगा.

दुसरा जो सिनॉट. याच्यासाठी मोबाइल बाहेर काढा. ‘फँटॅस्टिक फोर’चे ४० ते ४३ हे अंक कोलेटाने इंक केलेत आणि ४४ वा, १९६५ चा, सिनॉटने. पेन्सिल दोन्हीकडे कर्बीचीच. पण ४४ उघडलात की वाटतं कुणीतरी चष्म्याची काच पुसली. रेघा ठसठशीत, वळणं गुळगुळीत, यंत्रं चकचकीत. दगडी अंगाचा बेन ग्रिम, म्हणजे द थिंग, त्याचा एकेक दगड कोरून बसवल्यासारखा. याच जोडीने १९६६ मध्ये ४८ ते ५० या अंकांत गॅलॅक्टस आणि सिल्व्हर सर्फर आणले. कर्बीचे ते प्रसिद्ध काळे ठिपके, अवकाशात उसळणाऱ्या ऊर्जेचे, सिनॉटच्या शाईत गोल आणि धारदार दिसतात.

गंमत अशी, की सिनॉटही कर्बीला जसाच्या तसा उतरवत नव्हता. तो चेहरे जरा देखणे करायचा, ओबडधोबडपणा घासून काढायचा. म्हणजे बदल तोही करत होता! फक्त कोलेटा वजा करायचा आणि सिनॉट पॉलिश करायचा. पॉलिशबद्दल कुणी तक्रार करत नाही. आज बहुतेकांच्या डोक्यात कर्बीचं जे चित्र आहे, त्यात सिनॉटचा वाटा किती हे वेगळं काढताच येणार नाही.

आणि आता तिसरा. १९७० मध्ये कर्बी मार्व्हल सोडून डीसीकडे गेला. ‘न्यू गॉड्स’, ‘फॉरेव्हर पीपल’, ‘मिस्टर मिरॅकल’ अशा त्याच्या स्वतःच्या मालिका. तिथेही इंकर म्हणून सुरुवातीला कोलेटाच! शिवाय ‘जिमी ओल्सन’मध्ये कर्बीने काढलेल्या सुपरमॅनचे चेहरे डीसी दुसऱ्या चित्रकारांकडून पुन्हा काढून घेत होतं, कारण कंपनीचा सुपरमॅन ‘असा’ दिसत नाही. हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला होता. माणसाला त्याच्या हातासाठी आणायचं आणि तोच हात झाकायचा.

कर्बीचा तरुण सहायक मार्क इव्हॅनियर याने कोलेटा काय काय गाळतोय हे कर्बीच्या नजरेला आणून दिलं. शेवटी कर्बीने इंकर बदलून मागितला आणि १९७१ मध्ये माइक रॉयर आला. ‘न्यू गॉड्स’ आणि ‘मिस्टर मिरॅकल’चे पाचवे अंक बघा. रॉयर कॅलिफोर्नियात कर्बीच्या जवळपास राहणारा, अक्षरंही तोच लिहायचा, आणि काहीही गाळायचं नाही हा त्याचा नियम. सुरुवातीला त्याने बिग बार्डाचा चेहरा किंचित सुंदर केला होता. ते पाहून कर्बीने बजावलं, की चेहऱ्यांना हात लावायचा नाही. हा किस्सा रॉयरने स्वतःच सांगितलाय. त्यानंतर त्याने लावला नाही.

रॉयरचा कर्बी जाड, रांगडा, कोनांनी भरलेला आहे. बोटं चौकोनी, डोळे खोल. सिनॉटच्या कर्बीवर प्रेम करणाऱ्यांना तो आवडतोच असं नाही. पण कर्बीच्या हाताच्या सगळ्यात जवळचा हाच, आणि हे पडताळता येतं. सत्तरच्या दशकातल्या त्याच्या बऱ्याच पेन्सिल पानांच्या फोटोकॉपी जपल्या गेल्या. कर्बी १९९४ मध्ये गेला, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘द जॅक कर्बी कलेक्टर’ नियतकालिकात त्या छापून येऊ लागल्या. पेन्सिल एका बाजूला, छापील पान दुसऱ्या बाजूला. कोलेटाने काय पुसलं हेही तिथेच उघड्यावर आलं.

साठच्या दशकातल्या पानांना हे नशीब फारसं लाभलं नाही. मूळ पानंसुद्धा कंपनीकडेच. १९८७ मध्ये बऱ्याच भांडणानंतर मार्व्हलने कर्बीला सुमारे दोन हजार पानं परत केली. त्याने काढलेली याच्या कितीतरी पट होती. आणि परत आलेल्या पानावरही असते ती इंकरची शाई.

सगळे पेन्सिलर कर्बीसारखं भरगच्च काढत नाहीत, हेही सांगायला हवं. फ्रँक मिलर ‘डेअरडेव्हिल’वर पुढेपुढे नुसता कच्चा आराखडा द्यायचा, आणि क्लाउस जॅन्सन त्याचं पूर्ण चित्र करायचा. त्याला गिरवणं म्हणणार का?

एक आपल्याकडचा धागा. घरात कुणाकडे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक असतील तर त्यातला ‘वेताळ’ बघा. साठच्या दशकापासून तो काढणारा साय बॅरी त्याआधी डीसीमध्ये इंकर होता. वेताळाच्या अंगावरची ती भरीव काळी सावली उगाच आलेली नाही.

आता करडा न कळणारा कॅमेरा गेला. २००१ मध्ये वुल्व्हरिनच्या ‘ओरिजिन’मध्ये अँडी क्युबर्टच्या पेन्सिलवर थेट संगणकावर रंग भरले, मधे इंकर नाहीच. जिथे इंकर आहे, तिथेही अनेकदा पेन्सिलचं पान स्कॅन करून फिक्या निळ्या रंगात छापतात आणि शाई त्या प्रतीवर चढते. मूळ पेन्सिल तेव्हा चित्रकाराकडेच राहते, पुसत कुणी नाही.

तर ४३ आणि ४४ हे दोन अंक शेजारी ठेवा, आणि फक्त बेन ग्रिमच्या दगडांवर झूम करा. तुमचा कर्बी कुठला, ते मला कळवा.