रँचवरची बाई आणि मोकाट घोडा

अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशाचे नाव काढताच आपल्यापुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल, खाली घोडा आणि पुढे क्षितिजापर्यंत पसरलेले माळरान! या चित्रात पुरुष आहे, घोडा आहे. बाई मात्र नाही. असलीच तर ती खिडकीशी वाट पाहत उभी असते. हे चित्र इतिहासाने काढलेले नव्हे. ते कादंबरीने काढले आणि चित्रपटाने गिरवून ठळक केले. आज आम्हांला पाहावयाचे आहे ते हे, की त्या मुलखाशी नाते असलेल्या स्त्रियांनी लेखणी हाती घेतली तेव्हा या चित्रात काय पालट झाला, आणि त्या पालटाचा एका मुक्या प्राण्याच्या नशिबाशी काय संबंध आला.

प्रथम रँच म्हणजे काय ते ध्यानात घेऊ. रँच म्हणजे आपल्याकडील शेत नव्हे. पाऊस बेताचा, जमीन अफाट. म्हणून पिकापेक्षा गवतावर भिस्त ठेवून गुरे, मेंढ्या आणि घोडे पाळावयाचे, असा हा व्यवसाय. १८६२ साली अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला. पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली. अर्जदार एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबाचा प्रमुख असावा, अशी अट होती. तो पुरुषच असावा, असे मात्र कायद्याने म्हटले नव्हते. त्यामुळे अविवाहित आणि विधवा स्त्रियांनीही जमिनीवर हक्क सांगितला. वायोमिंग प्रांताने तर १८६९ सालीच स्त्रियांना मताचा अधिकार दिला. त्याच वायोमिंगमध्ये १९०९ साली एलिनॉर प्रुइट स्ट्युअर्ट ही बाई लहान मुलीला घेऊन एका रँचवर घर सांभाळण्याच्या नोकरीसाठी गेली, आणि तिने स्वतःच्या नावावर जमिनीचा अर्ज केला. घोडे जुंपून गवत कापण्यापासून सारी कामे तिने केली. आपल्या पूर्वीच्या मालकिणीस तिने लिहिलेली पत्रे १९१४ साली पुस्तकरूपाने निघाली. सारांश, रँचवरची कर्ती बाई ही कल्पनेची निर्मिती नव्हती. ती सरकारी दप्तरात होती. कादंबरीत तेवढी नव्हती.

कादंबरीत कोण होते? ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ १९०२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या असंख्य कथांचा साचा तिने घालून दिला. तिच्यातही घोड्याच्या छळाचा एक प्रसंग आहे. छळ करणाऱ्यास नायक बडवून काढतो. म्हणजे दया होती. पण ती मुठीच्या वाटेने व्यक्त होत होती. दुष्टास शासन झाले की गोष्ट पुढे सरकते. जखमी घोड्याजवळ रात्रभर कोण बसले, त्याला दाणापाणी कोणी दिले, या प्रश्नांची त्या साच्याला फारशी गरज नव्हती.

याच काळात माँटानाच्या रँचवरील जीवन जवळून पाहिलेली बर्था मझी बाउअर ही लेखिका पुढे आली. तिची ‘चिप ऑफ द फ्लाइंग यू’ ही कादंबरी १९०६ साली पुस्तकरूपाने आली. तिची नायिका डॉक्टर आहे! पण मुखपृष्ठावर नाव छापले गेले ते ‘बी. एम. बाउअर’. आद्याक्षरांच्या आड बाई आहे हे पुष्कळ वाचकांच्या ध्यानी आले नाही. घोडेस्वारांच्या गोष्टी बाईने लिहिल्या आहेत हे कळले तर त्या विकत कोण घेईल, ही त्या काळच्या बाजाराची धास्ती होती. जी बाई रँच चालवू शकत होती, तिला रँचची गोष्ट मात्र नाव झाकून सांगावी लागली, ही विसंगती विचार करण्याजोगी नाही काय?

पुढचे पाऊल मेरी ओहारा यांनी टाकले. चित्रपटांसाठी लेखन करणाऱ्या या बाई १९३० च्या सुमारास पतीसह वायोमिंगमधील एका रँचवर राहावयास गेल्या. तो मंदीचा काळ. मेंढ्या पाळल्या, दूधदुभते केले, घोडे वाढविले. पैशाची ओढाताण संपली नाही. या अनुभवातून १९४१ साली ‘माय फ्रेंड फ्लिका’ ही कादंबरी जन्मास आली. केन नावाचा स्वप्नाळू मुलगा रानटी वळणाची एक शिंगरी निवडतो. ती काटेरी तारेत सापडून जखमी होते, जखम चिघळते, तिला गोळी घालावी असा बापाचा निर्णय होतो. आणि तो मुलगा ओढ्याच्या गार पाण्यात तिला धरून रात्र काढतो. येथे मूठ चालत नाही, पिस्तूल चालत नाही. जागरण चालते! मुलाला एक तरी शिंगरू द्या म्हणून नवऱ्यापाशी शब्द टाकणारी त्याची आई नेल हीही या गोष्टीचा कणा आहे. तिला घोड्याची माया आहे, आणि घोडे पाळणे परवडत नाही हेही ती जाणते. ही दुहेरी जाणीव, म्हणजे माया आणि हिशेब एकाच मनात नांदणे, हीच आम्हांस रँचवरच्या बाईची खरी ओळख वाटते.

आता कागदावरील घोड्याकडून रानातील घोड्याकडे वळू. पश्चिमेच्या माळावरील मोकळ्या घोड्यास ‘मस्टँग’ म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ धनी नसलेले, मोकाट जनावर असा आहे. अश्वकुळाचा जन्म उत्तर अमेरिकेतलाच. परंतु सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तेथून नामशेष झाला. १५१९ साली कोर्तेस सोळा घोडे घेऊन मेक्सिकोत उतरला, आणि त्यानंतर स्पॅनिशांच्या घोड्यांतून सुटलेले, चोरलेले, टाकून दिलेले घोडे उत्तरेकडे पसरले. पुढे ट्रॅक्टर आणि मोटार आल्यावर माणसाला घोड्याची गरज उरली नाही. विसाव्या शतकात विमानांनी कळप हुसकून, ट्रकांनी पाठलाग करून त्यांना पकडू लागले. हे मांस प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याच्या कारखान्यांत जाई.

१९५० साली नेवाडा राज्यात रीनो शहराकडे कामावर जाणाऱ्या व्हेल्मा जॉन्स्टन या बाईला पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसले. ती ट्रकच्या मागोमाग गेली, आणि आत कोंबलेले जखमी घोडे तिने पाहिले. बालपणी पोलिओ झालेला, त्यामुळे चेहऱ्यात आणि अंगात कायमचे व्यंग राहिलेले. दिवसा कचेरीत चिटणिसाची नोकरी, आणि घरी नवऱ्याबरोबर लहानशी रँच. अशा बाईने काय करावे? तिने टंकयंत्र पुढे ओढले. १९५२ साली तिच्या परगण्यात विमानाने घोडे हुसकण्यास बंदी झाली. १९५५ साली राज्याचा कायदा झाला. पण नेवाडाची ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची, तेथे तो लागू पडेना. विरोधकांनी ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हणून तिची टवाळी केली. तिने ते नाव बिरुदासारखे मिरविले. शाळकरी मुलांनी काँग्रेसच्या सभासदांवर पत्रांचा पाऊस पाडला. ८ सप्टेंबर १९५९ रोजी सरकारी जमिनीवर विमाने व मोटारी वापरून मोकाट घोडे पकडण्यास बंदी करणारा केंद्रीय कायदा झाला. तो तिच्याच टोपणनावाने ओळखला जातो.

मात्र या कायद्याने पकडण्याची रीत बंद झाली. घोड्याला संरक्षण मिळाले नाही. १९६१ साली आर्थर मिलर यांनी लिहिलेला ‘द मिसफिट्स’ हा चित्रपट आला. त्यात मस्टँग पकडणाऱ्या पुरुषांपुढे एक बाई आकांताने उभी राहते. १९६६ साली मार्गरेट हेन्री यांनी ॲनीच्याच जीवनावर मुलांसाठी कादंबरी लिहिली. रँचवरची बाई आता आद्याक्षरांच्या आड नव्हती, ती उघडपणे नायिका झाली होती. १५ डिसेंबर १९७१ रोजी मोकाट घोडे आणि गाढवे यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. एका कादंबरीने कायदा घडविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या घोड्याकडे पुष्कळजण मांसाच्या भावाने पाहत होते, त्याच्याकडे पाहण्याची दुसरी दृष्टी मुलांच्या मनात आधी पेरली गेली होती, एवढे म्हणावयास हरकत नाही.

येथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण इतिहास पुढे चालतो. संरक्षण मिळताच कळप वाढू लागले. परिस्थिती अनुकूल असता ते चार-पाच वर्षांत दुप्पट होतात. गवत आणि पाणी मात्र तेवढेच. १९७६ च्या कायद्याने सरकारलाच घोडे गोळा करण्यासाठी हेलिकॉप्टर वापरण्याची मुभा मिळाली! ॲनी १९७७ साली वारली. पकडलेले घोडे लोकांना दत्तक देण्याची योजना त्याच दशकात सुरू झाली, ती आजही चालू आहे. तरी हजारो घोडे सरकारी आवारांत दिवस काढीत आहेत. रँचवाले गुरांच्या चराईचे सांगतात, प्राणिमित्र स्वातंत्र्याचे सांगतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मग त्या कादंबऱ्या फोल ठरल्या काय? आम्हांस तसे वाटत नाही. घोडा वाचविला की काम संपत नाही, तेथून सुरू होते, हे त्यांतील उत्तम कादंबऱ्यांनी आधीच सांगून ठेवले होते. नेलच्या घरातला पैशाचा घोर हा त्या कथेतील दोष नव्हे, ते तिचे सत्य आहे. रात्रभर ओढ्यात उभे राहणारा मुलगा वाचकाच्या मनात दया जागी करतो. सकाळ झाल्यावर त्या शिंगरीला चारा कोठून आणावयाचा, हा विचार त्याच्या आईला करावा लागतो. या दोहोंपैकी एकालाच गौरविणारी कथा अपुरी राहते, आणि एकावरच उभारलेला कायदाही.