घारापुरीचे रहिवासी

भिवंडीच्या श्रोत्यांपुढे समुद्रातल्या बेटाची गोष्ट काढावी, याचे कोणाला नवल वाटेल. पण आपल्या तालुक्यातील लोनाडची लेणी ज्या काळ्या कातळात खोदलेली आहेत, त्याच जातीचा कातळ मुंबई बंदरात पाण्याबाहेर डोके काढून उभा आहे; त्याचे नाव घारापुरी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि दख्खनचे पठार झाले. त्याच पठाराचा हा समुद्राने वेगळा केलेला तुकडा. शंकूसारखे शिखर आणि त्यातून निघणारा धूर येथे कोणी शोधू नये. येथला अग्नी मनुष्यजात जन्मण्यापूर्वीच विझला.

घारापुरीचा इतिहास म्हटला की आपण त्रिमूर्तीपाशी जातो आणि तेथेच थांबतो. पंडित तिला सदाशिव म्हणतात, आणि ते योग्यही आहे. परंतु या बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? आम्हांलाही पहिल्या खेपेस ठाऊक नव्हते. लेणी पाहिली, लाँच पकडली आणि परतलो.

बेटावर माणसांचा वावर फार जुना. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, ते लेण्यांहून कित्येक शतके आधीचे. मोठे लेणे सहाव्या शतकातले मानतात. ते कोणी खोदविले याची साक्ष देणारा शिलालेख तेथे होता. पोर्तुगिजांनी तो काढून आपल्या देशी नेला आणि तेथे तो नाहीसा झाला. आता बेटावर मिळालेल्या कलचुरी कृष्णराजाच्या नाण्यांवरून अभ्यासक तर्क बांधतात. एक दगड उचलून नेल्याने केवढी पोकळी पडते पाहा!

दगड नेण्याची हौस पुढेही सुटली नाही. राजबंदरापाशी काळ्या पाषाणाचा मोठा हत्ती होता; त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. 1864 साली तो विलायतेस नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना तो फुटला. त्याचे तुकडे 1914 साली सांधण्यात आले आणि आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा आहे. म्हणजे नाव बेटावर राहिले आणि हत्ती मुंबईत गेला.

राज्यकर्ते बदलत गेले. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांस दिली. 1739 साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीबरोबर घारापुरीही घेतली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तहांत बेटे मोजली जातात, बेटावरच्या चुली मोजत नाहीत. मासे धरणे, भात लावणे, होड्यांची डागडुजी करणे, ही कामे ज्यांनी केली त्यांची बखर कोणी लिहिली नाही. आपल्या खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत जे बोलणे कानी पडते, त्याच वळणाचे बोलणे या गावांत ऐकू येते. ही माणसे आपल्याला परकी नाहीत.

1987 साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यानंतर दोन वर्षांनी समोरच्या न्हावा-शेव्यास मोठे बंदर सुरू झाले. पर्यटक वाढले, तशी बेटावरची पुष्कळ घरे दुकान, खाणावळ आणि वाटाड्याचे काम यांवर उभी राहिली. मासेमारी मागे पडली. सोमवारी लेणी बंद, म्हणजे त्या दिवशी कमाईही बंद.

आणि वीज? समोर मुंबईचा झगमगाट रात्रभर दिसत असताना या गावांत संध्याकाळचे काही तास जनित्र चाले. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची तार टाकून 2018 च्या फेब्रुवारीत वीज आली. स्वातंत्र्याला तेव्हा सत्तर वर्षे उलटून गेली होती. विलंबाची कारणे सांगणारे सांगतील. आम्हांस ती पटत नाहीत, कारण लेण्यांपर्यंत पर्यटकांस पोहोचविण्यात कधी अडचण पडली नाही.

बाहेरच्यांस रात्री बेटावर राहू देत नाहीत. सायंकाळी शेवटची लाँच सुटते, धक्का रिकामा होतो, आणि मग तिन्ही गावांत दिवे लागतात.