चाळीस रुपयांचं पाणी

आज महाडविषयी बोलायचंय. पण आधी आमच्या गटांच्या मागच्या मेळाव्याची फजिती सांगते, म्हणजे हा विषय का काढला ते कळेल. फ्लेक्स लागला होता, शाल-नारळ आणले होते, सूत्रसंचालनाची तालीमसुद्धा झाली होती. मार्चचं ऊन, दोन-अडीचशे बाया, आणि अकरा वाजताच पाण्याचे जार संपले. प्रत्येकीला वाटलं होतं, दुसरीने सांगून ठेवलंय. भाषण सुरू व्हायच्या आत निम्म्या बाया घराकडे निघाल्या. समन्वयक मीच, मग दोष देणार कुणाला?

त्यानंतर मी महाडच्या परिषदेचा इतिहास पुन्हा वाचला. बी. ए. ला असताना वाचला होता तो परीक्षेपुरता. या वेळी नजर भाषणांवर नव्हतीच, पाण्यावर होती.

आपल्याकडून बोरघाट उतरून खोपोली, पाली, माणगाव करत गेलं की महाड लागतं. तिथे १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. सुरबा टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. ठराव झाला, पण तळ्यावर पाऊल टाकायची हिंमत कुणाची होती? आपल्या ग्रामसभेतले ठराव आठवा.

तयारी कशी केली बघा. कार्यकर्ते दोन महिने आधीपासून गावोगाव, वाडीवस्तीवर जाऊन माणसांना समक्ष भेटत होते. नुसती पत्रकं वाटून मोकळे झाले नाहीत. म्हणून तर पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत काही हजार माणसं आली. काही तर भाकरीचं गाठोडं खांद्याला बांधून शंभर मैलांवरून आली. आणि एवढ्या माणसांना प्यायला पाणी? गावातल्या पाणवठ्याला हात लावायची सोय नाही. तेव्हा परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं. तळं भरलेलं, कागदावर तीन वर्षांपासून खुलं, आणि माणसं विकतचं पाणी पितायत! मला वाटतं, दुसऱ्या दिवशी ती सगळी माणसं रांगेने तळ्याकडे का निघाली, हे समजायला हा एक खर्चाचा आकडा पुरेसा आहे. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मागोमाग सगळ्यांनी घेतलं.

घात झाला तो परतताना. परिषद संपली, लोक पांगायला लागले, काही मांडवात जेवत होते. तेवढ्यात गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव आला. जेवणाऱ्यांना मारलं, अन्न मातीत गेलं, वाटेवरच्या एकट्यादुकट्यांना गाठलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. चिडलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही.

पुढे नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. मग डिसेंबरात सत्याग्रह करायचं ठरलं, आणि या वेळच्या तयारीत मार्चचा धडा दिसतो. सवर्णांपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. महाडचे दुकानदार सामान विकेनात, म्हणून धान्य बाहेरून आणून साठवलं. ही जुळवाजुळव अनंतराव चित्र्यांकडे होती. मुंबईहून मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघाली, दासगावला उतरली आणि तिथून पाचेक मैल सगळी मिळून, रांगेने चालत महाडला आली. एकटं कुणी नव्हतं.

२५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, हे तुम्हाला माहीत आहे. पण खरी कसोटी होती कोर्टाच्या मनाई हुकुमाची. ऐनवेळी तळ्यावर जायला बंदी आली होती. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आलेली, त्यांना ‘आज थांबा’ म्हणून सांगायचं! खूप चर्चा झाली. शेवटी २७ तारखेला सत्याग्रह पुढे ढकलायचं ठरलं, आणि तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक काढून माणसं परतली. कार्यक्रम ठरल्यासारखा पार पाडणं मला जमेल. एवढ्या तापलेल्या गर्दीसमोर तो बदलणं, आणि तरी कुणाला आपण हरलो असं वाटू न देणं, हे मला अजून अवघड वाटतं. कोर्टाचा लढा पुढे दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकला.

डिसेंबरच्या त्याच मुक्कामात बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं पायघोळ नेसा, जातीची खूण म्हणून अंगावर वागवलेले दागिने टाका, पोरींना शाळेत घाला. बायकांनी तिथेच लुगडी नेसायची पद्धत बदलली. मोठ्या गडबडीच्या कार्यक्रमात बायकांसाठी म्हणून वेळ राखून ठेवला होता, हे मी वहीत अधोरेखित केलंय.

आमच्या पुढच्या मेळाव्याचं पान उघडलंय. पहिली ओळ पाण्याची, तिच्यापुढे दोघींची नावं. दुसरी ओळ, लांबच्या वाड्यांवरच्या बायांना परत सोडायला गाडी. पाहुण्यांची ओळ अजून रिकामी आहे.