पश्चिम सहारा : बैअत, फॉस्फेट आणि वाळूची भिंत

आपल्याकडे जुम्याच्या दुआमध्ये फलस्तीन येतो, रोहिंग्यांचे नाव येते, पूर्वी बोस्निया आणि चेचन्याही येत असत. पश्चिम सहाराचे नाव मी कुठल्याही मशिदीत आजवर ऐकलेले नाही. तिथले मूळ रहिवासी, म्हणजे सहरावी, मुस्लिम आहेत, सुन्नी आहेत, मालिकी फिकहवर चालणारे आहेत. त्यांतली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे अल्जीरियातल्या निर्वासित छावण्यांत आहेत, आणि या छावण्या 1975-76 पासूनच्या आहेत. तरीही उम्मतच्या दुःखांच्या यादीत त्यांना जागा मिळालेली नाही. माझ्या मते याचे कारण उघड आहे. ज्याने त्यांची जमीन घेतली तोही कलमा पढणाराच आहे, आणि ती घेताना त्याने आपल्या प्रजेच्या हातात कुरआन दिला होता.

आधी भूगोल पाहू, कारण या भांडणाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. हा प्रदेश आफ्रिकेच्या वायव्येला, अटलांटिक महासागराच्या काठी आहे. क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 66 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडेसे कमी. लोकसंख्या मात्र सहा लाखांच्या घरात. उत्तरेला मोरोक्को, पूर्वेला आणि दक्षिणेला मॉरिटानिया, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात अल्जीरियाशी जेमतेम चाळीसेक किलोमीटरची सीमा. बारमाही नदी एकही नाही. उत्तर भागाला साकिया अल-हमरा म्हणतात, म्हणजे लाल ओढा. तो बहुतेक काळ कोरडाच असतो. दक्षिण भागाचे जुने नाव रिओ दे ओरो, सोन्याची नदी. तिथे नदीही नाही आणि सोनेही नाही. पंधराव्या शतकात पोर्तुगीज खलाशांना या किनाऱ्यावर सोन्याची पूड मिळाली, ती आतल्या आफ्रिकेतून व्यापारात आलेली होती. खाडीला त्यांनी नदी समजले आणि नाव चिकटले.

अशा जमिनीवर शेती होत नाही, पण जगता येते. रगीबात, औलाद दलीम, तकना असे इथले कबीले उंट आणि शेळ्या घेऊन पावसाच्या मागे फिरत. म्हणून ते स्वतःला ढगांची लेकरे म्हणवतात. पाऊस कुठे पडला ही बातमी त्यांच्या अर्थव्यवस्थेतली सर्वांत मोलाची बातमी होती. त्यांच्या नकाशावर सीमारेषा नव्हत्या, विहिरी होत्या. पण विहिरींना हक्कदार होते, चराईचे करार होते, खुनाची दियत ठरवणारी पंचायत होती आणि युद्धाच्या वेळी चाळीस जणांची सभा बसत असे. बाहेरून आलेल्याला जे रिकामे वाळवंट दिसले, ते असे मोजलेले-वाटलेले होते. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे हेग इथल्या न्यायालयात पहिला प्रश्न हाच होता.

1884 मध्ये स्पेनने या किनाऱ्यावर हक्क सांगितला. सीमा मात्र स्पेन आणि फ्रान्सने पॅरिसमध्ये बसून आखली, 1900 साली. सरळ रेघ ओढता ओढता ती एका ठिकाणी वाकवली आहे. तिथे इजीलचे मिठागर होते, वाळवंटातल्या मिठाच्या व्यापाराचे मोठे ठिकाण. फ्रान्सला ते हवे होते, म्हणून रेघ वाकली. साठ वर्षांनी या वाकड्या रेघेने वेगळीच गंमत केली. मॉरिटानियात लोखंडाच्या खाणी निघाल्या आणि समुद्रापर्यंत रेल्वे न्यायची ठरली. सरळ मार्ग स्पॅनिश हद्दीच्या कोपऱ्यातून जात होता. स्पेनच्या अटी पटल्या नाहीत, तेव्हा शूम या गावाजवळ कठीण खडकातून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा खणून कोपरा टाळला. चहूकडे मोकळे वाळवंट, आणि रेल्वे डोंगराच्या पोटातून!

जमीन कोरडी असली तरी समुद्र श्रीमंत आहे. कॅनरी नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याने वाहतो. वाऱ्यामुळे खोल पाणी वर येते आणि त्याबरोबर माशांचे खाद्यही. सार्डिन, म्हणजे आपल्या कोकणातल्या तारलीची भावंडे, आणि ऑक्टोपस इथे मुबलक. स्पेनच्या कॅनरी बेटांवरचे मच्छीमार इथे आधीपासून येत होते. स्पेनला प्रथम हवे होते ते मासेच. आतल्या वाळवंटात तो अनेक दशके फिरकलाही नाही.

आत दुसरेच काही घडत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेख मा अल-ऐनैन यांनी स्मारा हे शहर वसवले. मशीद, मदरसा, हस्तलिखितांचे ग्रंथालय, काफिल्यांचा बाजार असे ते ठिकाण होते. शेख फ्रेंचांविरुद्ध लढत होते आणि त्यासाठी मोरोक्कोच्या सुलतानाकडून मदत घेत होते. पण सुलतान फ्रेंचांपुढे झुकला तेव्हा 1910 मध्ये हेच शेख सुलतानाविरुद्ध फेजच्या दिशेने निघाले. वाटेत फ्रेंचांनी त्यांना हरवले, आणि त्याच वर्षी तिझनीत इथे त्यांचा इंतकाल झाला. 1913 मध्ये फ्रेंच फौजेने स्मारा लुटले आणि ते ग्रंथालय नष्ट झाले. शेखांचे सुलतानाशी असलेले नाते नेमके काय होते, यावर साठ वर्षांनी वकिलांनी वाद घातला.

मधल्या काळात जमिनीची किंमत बदलली होती. 1947 मध्ये इथे फॉस्फेट सापडले आणि पुढे बू क्रा येथे मोठा, चांगल्या प्रतीचा साठा मिळाला. तो जमिनीच्या वरच्या थरातच होता, पण समुद्रापासून शंभर किलोमीटर आत. स्पेनने खाणीपासून एल आयुनच्या धक्क्यापर्यंत कन्व्हेयर पट्टा बसवला. जवळजवळ शंभर किलोमीटरचा हा पट्टा जगातला सर्वांत लांब मानला जातो. वाऱ्याने त्यावरची पांढरी भुकटी उडून बाजूला पसरते, त्यामुळे अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांत वाळवंटावर खडूने ओढल्यासारखी रेघ दिसते. 1972 पासून माल निघू लागला. 1973 मध्ये पोलिसारिओ ही स्वातंत्र्य संघटना उभी राहिली. तिच्या आधी मुहम्मद बसीरी यांनी शांततेच्या मार्गाने चळवळ बांधली होती. ते पत्रकार होते आणि स्मारात कुरआन शिकवत. जून 1970 मध्ये एल आयुनच्या झेमला भागातल्या निदर्शनावर गोळीबार झाला, बसीरींना अटक झाली आणि ते पुन्हा कुणालाही दिसले नाहीत.

स्पेन निघण्याच्या बेतात असताना मोरोक्को आणि मॉरिटानिया या दोघांनीही दावा लावला. प्रकरण सल्ल्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. मोरोक्कोच्या युक्तिवादाचा गाभा बैअत हा होता. शरीफियन राज्य युरोपातल्या राज्यांसारखे नाही, त्याचा पाया सीमारेषेवर नसून सुलतानाशी असलेल्या धार्मिक निष्ठेवर आहे, इथल्या कबील्यांनी सुलतानाला बैअत दिली होती, म्हणून ही जमीन आमची, असा तो युक्तिवाद. तो पोकळ नव्हता. काही कबील्यांची सुलतानाशी निष्ठा खरोखरच होती.

16 ऑक्टोबर 1975 रोजी न्यायालयाने मत दिले. स्पेन आला तेव्हा ही जमीन बेवारस नव्हती, तिथे स्वतःची व्यवस्था असलेले लोक राहत होते. काही कबील्यांचे सुलतानाशी निष्ठेचे संबंध होते. पण त्यातून प्रदेशावरचे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि लोकांचा आत्मनिर्णयाचा हक्क त्यामुळे बाजूला सारता येत नाही. युरोपात बसलेल्या न्यायाधीशांनी बैअतचा अर्थ आपल्या अनेक बादशहांपेक्षा बरा लावला, असे मला वाटते. बैअत माणूस देतो, माणसाला देतो. तिला अटी असतात. शेख मा अल-ऐनैन यांनी अट मोडली गेल्याचे पाहिले आणि तलवार फिरवली. पायाखालची जमीन आणि तिच्यातला खडक बैअतमध्ये कधी आला?

राजे हसन दुसरे यांनी त्याच दिवशी मोर्चा जाहीर केला. 6 नोव्हेंबरला साडेतीन लाख निःशस्त्र मोरोक्कन हातात कुरआन आणि झेंडे घेऊन सीमा ओलांडून आत आले. मसीरा खदरा, हिरवा मोर्चा. जगाने हा मोर्चा पाहिला. मोरोक्कोचे लष्कर त्याच्या काही दिवस आधीच पूर्वेकडून आत घुसले होते, तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. 14 नोव्हेंबरला माद्रिदमध्ये स्पेनने प्रशासन मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्या हाती दिले. सहरावींना विचारले नाही. फॉस्फेटच्या कंपनीत 35 टक्के हिस्सा मात्र स्पेनने स्वतःकडे ठेवला आणि तो 2002 पर्यंत सांभाळला. पळून जाणाऱ्या कुटुंबांच्या तळांवर मोरोक्कोच्या विमानांनी बॉम्ब टाकले. 27 फेब्रुवारी 1976 रोजी पोलिसारिओने सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक जाहीर केले.

युद्ध सोळा वर्षे चालले. 1979 मध्ये मॉरिटानिया बाहेर पडला. पोलिसारिओने कन्व्हेयर पट्टा तोडून खाण अनेक वर्षे बंद पाडली. उत्तरादाखल मोरोक्कोने 1980 पासून वाळू-दगडांची भिंत बांधायला घेतली. पहिल्या भिंतीने वेढले ते एल आयुन, स्मारा आणि बू क्रा. लष्करी भाषेत या भागाला ‘उपयुक्त त्रिकोण’ म्हणत. मग भिंत टप्प्याटप्प्याने पुढे सरकत 1987 पर्यंत सुमारे 2,700 किलोमीटरची झाली. तिच्या कडेने सुरुंग पेरलेले आहेत. भिंतीच्या पश्चिमेला खाण, बंदरे, जवळजवळ सगळा किनारा आणि 80 टक्के जमीन आहे. पूर्वेला पोलिसारिओकडे उरलेला वाळवंट. अर्थशास्त्राचा नकाशा पाहायचा असेल तर ही भिंत पाहावी.

1991 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली आणि सार्वमत ठरले. ते अडले एका साध्या प्रश्नावर : सहरावी कोण? दक्षिणेतल्या मोठ्या बंदराचे नाव दाखला आहे. अरबीतल्या ज्या धातूतून हे नाव आले, त्यातूनच आपला शाळेचा आणि जन्माचा दाखला आला. सहरावींचे सगळे भांडण शेवटी दाखल्यावरच येऊन थांबले. स्पेनच्या 1974 च्या शिरगणतीत 74 हजारांच्या आसपास नावे होती. यादीत कुणाला घ्यायचे यावर जवळजवळ दशक गेले. सुमारे 86 हजार मतदार पात्र ठरले, तर त्याविरुद्ध सव्वा लाखाहून जास्त अपिले दाखल झाली. मतदान झालेच नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये युद्धबंदीही मोडली. आधी अमेरिका, मग स्पेन आणि फ्रान्स मोरोक्कोच्या स्वायत्तता योजनेच्या बाजूने गेले.

पोलिसारिओला मी फरिश्ता मानत नाही. तिचा एकच नेता 1976 पासून 2016 मध्ये मरेपर्यंत पदावर होता. तिच्या कैदेतले शेवटचे 404 मोरोक्कन सैनिक 2005 मध्ये सुटले, म्हणजे युद्ध थांबल्यावर चौदा वर्षांनी. मोरोक्कोने आपल्या ताब्यातल्या भागात रस्ते, बंदरे आणि पवनचक्क्या उभारल्या हेही खरे. दाखलाजवळ जमिनीखालचे जुने पाणी उपसून हरितगृहांत टोमॅटो पिकतात आणि युरोपात जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की शेतमाल आणि मासेमारीच्या करारांना इथल्या लोकांची संमती नव्हती, आणि टोमॅटो-खरबुजांवर मूळ ठिकाण ‘पश्चिम सहारा’ असेच लिहिले पाहिजे. 2017 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बंदरात न्यूझीलंडला चाललेले एक जहाज अडवले गेले. त्यात बू क्राचे पन्नास हजार टनांहून अधिक फॉस्फेट होते. पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने त्या मालाची मालकी सहरावी प्रजासत्ताकाची ठरवली.

आता आपल्याकडे येऊ. भारताने 1985 मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि 2000 साली ती काढून घेतली. 2002 मध्ये ओडिशातल्या पारादीप फॉस्फेट्सचे खासगीकरण झाले. ती घेणाऱ्या कंपनीत गोव्याच्या झुआरी समूहाबरोबर मोरोक्कोची सरकारी फॉस्फेट कंपनी ओसीपी भागीदार आहे. अलीकडच्या वर्षांत बू क्राच्या खडकाच्या खरेदीदारांत भारत आहे. मराठवाड्यातला शेतकरी पेरणीच्या वेळी डीएपीच्या गोणीसाठी रांगेत उभा राहतो, तेव्हा तिच्यातला स्फुरद कुठल्या खाणीतला आहे हे त्या गोणीवर लिहिलेले नसते. त्याला दोष देता येणार नाही. जगातल्या फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के एकट्या मोरोक्कोच्या हिशेबात धरले जातात, आणि ओसीपीच्याच म्हणण्यानुसार बू क्राचा वाटा तिच्या साठ्यात जेमतेम 2 टक्के आहे. 2 टक्के इतके किरकोळ असतील, तर ते ज्यांचे आहेत त्यांना विचारून घ्यायला एवढी अडचण का?

ज्यांना विचारायचे ते अल्जीरियातल्या तिंदूफजवळ आहेत. तिथल्या सपाट, दगडी पठारावर उन्हाळ्यात पारा 50 अंशांच्या आसपास जातो. उपजीविका मुख्यतः मदतीच्या पीठ, तेल आणि डाळीवर, थोडी स्पेनमध्ये गेलेल्या मुलांनी पाठवलेल्या पैशांवर. छावण्यांना त्यांनी सुटलेल्या गावांची नावे दिली आहेत : एल आयुन, स्मारा, औसर्द, बूजदूर, दाखला. खरे दाखला अटलांटिकमध्ये घुसलेल्या चिंचोळ्या भूशिरावर आहे, दोन्ही बाजूंना पाणी. छावणीतले दाखला समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. दर उन्हाळ्यात छावण्यांतली काही हजार मुले दोन महिन्यांसाठी स्पॅनिश कुटुंबांकडे पाठवली जातात, आणि त्यांतली अनेक आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहतात तो तिथे, स्पेनच्या किनाऱ्यावर.